कळांच्या वेळी काय ऐकायचं? बाळंतपणासाठी संगीत निवडण्याची तयारी, आठव्या महिन्यापासून

आठवा महिना लागला की माझ्या श्वासाच्या वर्गातली एखादी तरी वही-पेन घेऊन पुढं येते. “ताई, डिलिव्हरीच्या वेळी ऐकायला चांगली गाणी सांगा ना, लिहून घेते.” मी यादी देत नाही. तिचा चेहरा उतरतो ते दिसतं मला, पण दुसऱ्याच्या यादीनं कुणाचं बाळंतपण सोपं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. एरवी जीव ओवाळून टाकावा असं वाटणारं गाणं कळ आल्यावर कानाला टोचू शकतं. उलट कधी फारसं लक्ष देऊन न ऐकलेली साधी बासरी तासन्‌तास सोबत करते. कळ चढताना ज्याच्यावर आपला श्वास टेकता येतो ते संगीत कामाचं. ते ओळखायचं कसं आणि त्या दिवशी ते हाताशी राहील अशी व्यवस्था कशी करायची, हे इथं सविस्तर सांगते.

आधी एवढं समजून घ्या

संगीतानं कळा थांबत नाहीत. अमुक राग लावला की प्रसूती लवकर होते असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. पण दुखणं सोसण्यात मात्र संगीताची खरी मदत होते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली वेदनेबद्दल एक सिद्धांत मांडला. वेदनेचे संदेश पाठीच्या कण्यातून मेंदूकडं जाताना वाटेत जणू एक दार असतं आणि ते कमीजास्त उघडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कंबर चोळल्यावर बरं वाटतं ते त्यामुळंच, आणि लक्ष दुसरीकडं गुंतलं की वरून मेंदूही ते दार थोडं लोटून घेतो. दुसरी गोष्ट भीतीची. बाई घाबरली की दातखिळी बसते, खांदे वर चढतात, खालचे स्नायूही आवळले जातात आणि दुखणं वाढतं. ओळखीचा सूर कानावर असला की अनोळखी खोलीतली भीती थोडी उतरते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली प्रसूतीकाळातल्या काळजीसाठी ज्या शिफारशी दिल्या, त्यांत दुखणं हलकं करण्याच्या उपायांमध्ये स्नायू सैल सोडणं आणि श्वसन यांच्याबरोबर संगीतही आहे. तिथंच ‘बाईच्या पसंतीनुसार’ अशी अट आहे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे शब्द तेच. आईनं आणलेली स्तोत्रं, सासूबाईंनी सांगितलेले मंत्र, नवऱ्यानं जमवलेली जुनी गाणी, सगळं प्रेमानंच आलेलं असतं. तरीही कळा सोसणार आहे ती एकटी. तिला भीमगीतं ऐकायची असतील तर भीमगीतं, लावणी हवी असेल तर लावणी आणि काहीच नको असेल तर काहीच नको.

दवाखान्यात आत्ताच विचारून ठेवा

गाणी निवडण्याआधी हे करा, नाहीतर सगळी मेहनत दारातच अडते. पुढच्या तपासणीला गेलात की चार गोष्टी विचारा. लेबर रूममध्ये फोन चालतो का? लहान स्पीकर चालेल, की फक्त इअरफोन? सोबतीला बाई किंवा नवरा आत थांबू शकतो का? आणि सिझर करावं लागलं तर ऑपरेशन थिएटरमध्ये काय नियम आहे? डॉक्टर “हो हो, चालतंय की” म्हणाल्या तरी लेबर रूमच्या सिस्टरना वेगळं विचारा, कारण रात्री अडीच वाजता तिथं त्याच असणार.

सरकारी रुग्णालयात नाव नोंदवलं असेल तर केंद्र सरकारचा ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम माहीत असू द्या. २०१७ साली तो प्रसूतिकक्षांची गुणवत्ता सुधारण्यासाठी आणला आणि सोबतीची व्यक्ती जवळ असू देण्यावर त्यात भर आहे. प्रत्यक्षात एका खोलीत तीन-चार खाटा असतील तर सोबत म्हणून बाईमाणूसच आत सोडतात आणि स्पीकर लावणं शेजारच्या बाळंतिणीवर अन्याय ठरतो. तिथं एका कानातला इअरफोन हाच मार्ग.

लय मोजायला शिका

इथं थोडा वेळ द्या, कारण निवडीचं मर्म इथंच आहे.

जोरात आलेली कळ साधारण ४० ते ६० सेकंद टिकते. हळूहळू चढते, माथ्यावर जाते, मग ओसरते. ऐन भरात दहा मिनिटांत तीन ते पाच कळा येतात. म्हणजे दर वेळी मिनिटभर धरून राहायचं आणि मग सुटका. तेवढ्या वेळात श्वास लांब आणि सावकाश राहिला पाहिजे. घेताना चार मोजायचे, सोडताना सहा.

आता तुम्हाला आवडणारं एखादं संगीत लावा. फोनच्या घड्याळावर ३० सेकंद धरा, ठेक्याबरोबर मांडीवर बोट आपटा, आपटे मोजा आणि दुप्पट करा. ६० ते ८० च्या दरम्यान आकडा आला तर लय आपल्या कामाची. ६० ची लय असेल तर चार मात्रा आत, सहा मात्रा बाहेर, एक श्वास दहा सेकंदांचा. मिनिटाची कळ म्हणजे सहा श्वास. मी वर्गात हे फळ्यावर लिहिते तेव्हा बायकांचे चेहरे बदलतात. “सहाच?” असं कुणीतरी हमखास म्हणतं. हो, सहाच. तिसरा-चौथा श्वास माथ्यावरचा असतो, तो सगळ्यात अवघड. पाचव्यापासून उतार लागतो.

गाणं शिकलेल्यांना आणखी एक सोय आहे. केरव्याच्या आठ मात्रांत समेवर श्वास घ्यायला सुरुवात करायची आणि पाचव्या मात्रेला, खालीपासून, सोडायला. दादरा मात्र मी डोलण्यासाठी राखून ठेवते. तीन मात्रा उजवीकडं, तीन डावीकडं. खिडकीच्या गजाला धरून उभी असलेली किंवा मोठ्या चेंडूवर बसलेली बाई दादऱ्यावर आपोआप झुलायला लागते. आपले कितीतरी पाळणे याच झोक्याचे असतात, म्हणून शरीराला तो लहानपणापासून ओळखीचा असतो.

एक चूक मात्र फार जणींकडून होते. त्या रेकॉर्डिंगची पहिली पाच मिनिटं ऐकतात, शांत वाटलं की यादीत टाकतात. आपल्या शास्त्रीय वादनाची घडण अशी की आलापानं सुरुवात होते, मग लय वाढत जाते आणि शेवट द्रुत गतीत, झाल्याच्या झंझावातात होतो. ख्यालाचंही तसंच, विलंबितातून द्रुतात. भजनाचा गजर शेवटाकडं चढत जातो आणि टाळ कडाडतात. मैफलीत अंगावर काटा येतो त्यानं, पण कळ माथ्यावर असताना लय दुप्पट झाली तर श्वासही तिच्यामागं धावतो, हातापायांना मुंग्या येतात, गरगरतं. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐका आणि फक्त आलापाचा किंवा संथ भागच कापून ठेवा. फोनमध्ये गाणी कापायची अ‍ॅप्स असतात, घरातला कुठलाही कॉलेजचा मुलगा दहा मिनिटांत करून देईल.

लांबीही बघा. तीन-चार मिनिटांची गाणी कळेच्या मधोमध संपतात आणि पुढचं भलत्याच सुरात सुरू होतं. वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंतचे सलग तुकडे उत्तम. तानपुऱ्याचं अ‍ॅप यासाठी मला फार आवडतं, त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. सूर मात्र आपल्या नेहमीच्या गाण्याच्या पट्टीपेक्षा दोन-तीन स्वर खाली लावा. कळेत तोंडून आवाज निघतोच. तो खालच्या सुरात, तोंड उघडं ठेवून, ‘आऽ’ किंवा ‘ओऽ’ असा निघाला तर जबडा आणि गळा सैल राहतो. वरच्या पट्टीत किंचाळी गेली की सगळं अंग आवळतं. खर्जातला तानपुरा चालू असला की आवाज त्याला जाऊन मिळतो, कुणी शिकवावं लागत नाही.

बर्फाची परीक्षा

निवडलेलं संगीत खरंच चालेल का हे आधी कसं कळणार? त्यासाठी वर्गात मी बर्फ वापरते, घरीही सहज करता येतं.

फ्रिजमधले दोन खडे वाटीत काढा. घड्याळावर एक मिनिट लावा. खडे तळहातात घट्ट धरा आणि संगीत न लावता मिनिट काढा. पंधरा-वीस सेकंदांनी हात ठणकायला लागतो, चाळिसाव्या सेकंदाला टाकून द्यावेसे वाटतात. हात पुसा, पाच मिनिटं थांबा. मग संगीत लावून, डोळे मिटून, चार-सहाचा श्वास धरून तेच दुसऱ्या हातानं करा. मिनिटापेक्षा जास्त धरू नका आणि हात बधिर वाटला तर लगेच सोडा.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीनं तिचं फार लाडकं भावगीत लावलं होतं. तिसाव्या सेकंदाला तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, “ताई, शब्द कानात घुसायला लागलेत हो.” मग आम्ही नुसतं संतूर लावून पाहिलं. मिनिट संपल्याची घंटा वाजली तरी तिची मूठ मिटलेलीच होती आणि मनगटावरून पाण्याचा ओघळ कोपरापर्यंत आला होता. तिला पत्ताच नव्हता. बर्फ म्हणजे काही कळ नव्हे, हे तीही जाणून होती. पण आपल्याला शब्द चालतात की नाही, वाद्य कुठलं, आवाज किती, हे तिला त्या दुपारी कळलं.

अनेकींचा अनुभव असाच आहे. हलक्या कळांत शब्दांची गाणी हवीशी वाटतात, जोर वाढला की शब्दांचं ओझं होतं. अपवाद एकच, लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट. एखादं स्तोत्र किंवा पालुपद पुन्हा पुन्हा येणारा अभंग. त्याचा अर्थ लावावा लागत नाही, तो श्वासासारखाच चालू राहतो.

निवड झाली की ३२व्या आठवड्यापासून रोज पंधरा-वीस मिनिटं तेच संगीत, शक्यतो त्याच वेळी ऐका. डाव्या कुशीवर पडून, कपाळ, जबडा, खांदे, मांड्या असं एकेक सैल सोडत. सहा-सात आठवड्यांत अंगाला सवय लागते. सूर सुरू झाला की खांदे आपोआप खाली येतात. ही सवयच त्या दिवशी उपयोगी पडणार आहे, म्हणून ऐन वेळी नवी गाणी आणू नका. आणि स्पीकर किंवा हेडफोन पोटावर ठेवू नका. बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येतंच, खोलीतला साधा आवाज त्याला पुरतो.

निवडताना आठवणींचाही विचार करा. ज्या गाण्याशी एखाद्या माणसाचं जाणं जोडलेलं आहे ते नको. जे आयुष्यभर निखळ आनंदाचं राहावं असं वाटतं तेही नको, कारण कदाचित पुढं ते ऐकलं की कंबर आठवेल.

टप्प्याटप्प्याची गाणी

पिशवीचं तोंड साधारण पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ लांब असतो, पहिलटकरणीला तर कधी कधी दिवसभराचा. हा काळ बहुधा घरीच जातो. इथं मोकळेपणानं काहीही लावा, शब्दांची गाणी, नाचाची गाणी, जुनी गाणी. पोळ्या लाटत, अंगणात फेऱ्या मारत ऐका. दोन-तीन तासांची यादी पुरे, कारण मध्ये झोपही काढायची आहे. फक्त गाण्यात रमून निघायला उशीर करू नका. पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळा असोत-नसोत, लगेच निघायचं.

त्यानंतरच्या जोराच्या कळांसाठी तुमची कसून तपासलेली यादी. पहिल्या खेपेला हा काळ बारा तासांपर्यंत चालू शकतो, त्यामुळं चार तासांचं संगीत ठेवून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल अशी सोय करा. कळांचं सलाईन लावून प्रसूती करायची ठरली असेल तर कळा लवकर जोर धरतात, घरच्या यादीला फारसा वेळ मिळत नाही. अशा वेळी सलाईन लागताच थेट हीच यादी लावा. पाठीत इंजेक्शन घेऊन वेदना कमी करून घेतल्या असतील तर तीही चांगली निवड आहे. मग संगीत झोपेसाठी, अगदी हळू.

आठ ते दहा सेंटिमीटरचा टप्पा वेगळाच. हात लावलेला खपत नाही, बोललेलं खपत नाही आणि इतके महिने जपलेलं संगीतही “बंद करा ते!” होतं. बंद करायचं. तयारी वाया गेली असं मनातही आणू नका, तिथवर तिनंच पोचवलं. पुढं जोर द्यायची वेळ आली की डॉक्टर आणि सिस्टरचा आवाज स्पष्ट ऐकू यायला हवा. इअरफोन काढा आणि स्पीकर असेल तर पार्श्वभूमीला नुसता तानपुरा. बाळाचे ठोके ऐकण्यासाठी सिस्टर यंत्र लावतील तेव्हाही आवाज शून्यावर. तो टगडक टगडक आवाज, मिनिटाला ११० ते १६० ठोक्यांचा, मन लावून ऐकण्यासारखा आहे.

बाळ बाहेर येतं त्या क्षणी काहीच वाजत नसावं असं मला मनापासून वाटतं. पहिलं रडणं कशातही मिसळू नये. नंतर बाळ छातीवर ठेवलं, अंगाला लावलं, वार पडली, टाके चालू झाले की हवा तर हळू पाळणा लावा. टाक्यांच्या वेळी तर तो लागतोच.

फोन, वायर आणि जाहिरात

माझ्या पहिल्या बाळंतपणात यादी सुंदर होती, पण ती इंटरनेटवरून थेट चालू होती. पहाटे चारला, कळ बरोबर माथ्यावर असताना बासरी तुटली आणि कसल्याशा कर्जाची जाहिरात कानात ओरडायला लागली. श्वास जो तुटला तो पुढच्या तीन कळांपर्यंत सापडला नाही. म्हणून सांगते, सगळं डाउनलोड करून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका.

त्यासाठी घरातला जुना, सिमकार्ड नसलेला फोन वेगळा काढा. तुमच्या आणि नवऱ्याच्या फोनवर त्या रात्री “झालं का?” विचारणारे फोन अखंड येणार आहेत. ३६व्या आठवड्यात तो फोन पूर्ण चार्ज करून, चार्जर आणि पॉवर बँकेसह बाळंतपणाच्या बॅगेत टाका. स्वतंत्र खोली असेल तर मुठीएवढा स्पीकर उशीजवळ ठेवा. आवाज एवढाच की शेजारी नेहमीच्या सुरात बोललेलं सहज ऐकू यावं. कानात घालायचे सुटे बिनतारी बोळे मी सुचवत नाही, मान इकडंतिकडं झाली की गादीत हरवतात. साधा वायरचा इअरफोन, एकाच कानात, आणि वायर सलाईन नसलेल्या हाताच्या बाजूनं.

बटण सोबतिणीच्या हाती

कळा येत असताना बाईनं फोन हाताळायचा नाही. हे काम सोबत थांबणाऱ्या व्यक्तीचं आणि त्या व्यक्तीनं दोन-तीनदा सराव केलेला हवा. खुणा ठरवा: तळहात दाखवला की बंद, बोट वर केलं की आवाज वाढव, बोट फिरवलं की दुसरं लाव. आणि सोबतिणीनं एक पथ्य कडक पाळायचं. “बंद” म्हटलं की बंद. “का गं? आवडत होतं ना तुला?” हा प्रश्न त्या वेळी विचारायचा नाही.

सिझर ठरलं तर

सिझरमध्ये बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागी असते, पडद्यापलीकडचे आवाज ऐकत. भूलतज्ज्ञ डोक्याशी उभे असतात, त्यांना आधी विचारलं तर एका कानात इअरफोन बरेचदा चालू देतात. बाळ सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर येतं आणि पुढचा अर्धा-पाऊण तास टाक्यांचा असतो. बाळाला नेलेलं असतं, हात हलवता येत नाहीत, थंडी वाजते. बहुतेक जणी सुरुवातीसाठी गाणं निवडतात आणि या पाऊण तासाचा विचारच करत नाहीत. तुमचं सगळ्यात आवडतं संगीत त्यासाठी ठेवा.

आणि फोनच आत नेऊ दिला नाही तर

तयारीतली ही शेवटची गोष्ट मी प्रत्येकीकडून करून घेते. एक चाल पाठ ठेवायची, बिनशब्दांची चालेल, आणि ती सोबतिणीलाही यायला हवी. आपल्याकडं हे नवं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जड जातं ओढताना श्वास टिकवायला बायकांनी दुसरं काय केलं? गळ्यातलाच सूर धरला.

माझ्या वहिनीच्या वेळी तालुक्याच्या रुग्णालयात फोन बाहेर ठेवायला लावला. आत आई होती. वहिनी खाटेचा कठडा धरून उभी, आई मागं. कळ सुरू झाली की आई एका जुन्या पाळण्याची चाल नुसती हुंकारायची आणि समेवर तळहाताचा गादीसारखा भाग वहिनीच्या माकडहाडाच्या वर दाबायची. दाब, सोड, दाब, सोड. कळ ओसरली की हुंकारही थांबायचा. शेजारच्या खाटेवरची एक अनोळखी मुलगी थोड्या वेळानं त्याच सुरात कण्हायला लागली, तेव्हा आईनं आवाज किंचित वाढवला. सिस्टरनी काही म्हटलं नाही.

पहाटे मुलगा झाला. मी आत गेले तेव्हा तो दुपट्यात गुंडाळलेला होता आणि आई खाटेवर वाकून अजून तीच चाल हुंकारत होती. वहिनीनं डोळे न उघडता तिच्या मनगटावर हात ठेवला. “आई, जरा हळू. झोपलाय तो.”